ब्रेक, ले-ऑफ आणि नववीतलं मूल

आईवडिलांच्या कामाचा भरवसा नसला की वयात येणाऱ्या मुलांच्या मनावर ताण येतो, हे कुणीही मान्य करील. पण बेभरवशाचे प्रकार वेगळे, आणि ताणाची जातही त्यानुसार बदलते. मावळ तालुक्यात तळेगाव ते लोणावळा एवढ्याशा पट्ट्यात असे तीन प्रकार सापडतात.

पहिला लोणावळ्याचा, म्हणजे सीझनचा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारवर कणसं-भजीवाले, टॅक्सीवाले, हॉटेलातले वेटर, बंगले सांभाळणारी जोडपी यांचा मोठा हिशेब बसतो. कमाई तुटपुंजी असेल, पण ती कधी येणार याचा अंदाज घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीलाही असतो. उधारी आणि फी त्याच अंदाजाने फिरते. घर हादरतं ते हा अंदाज बाहेरून मोडला की. २०२० च्या टाळेबंदीत तो मोडला. ३० जून २०२४ ला भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पर्यटनावर निर्बंध आले, तेव्हाही ऐन पावसाळाच होता. निर्बंध गरजेचेच होते. त्यांची किंमत मात्र भजीच्या गाडीवाल्याच्या घराने मोजली.

दुसरा प्रकार एमआयडीसीतल्या कंत्राटी कामाचा. कामगार कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कपातीविरुद्ध काही संरक्षण मिळतं. ते दिवस भरू नयेत म्हणून ठेकेदार मध्येच ‘ब्रेक’ देतो. ब्रेक लागणार हे ठरलेलं असतं, परत बोलावणं येईल की नाही हे नसतं. मावळातल्या मूळ कुटुंबाकडे निदान इंद्रायणी भाताचं खाचर असू शकतं. मराठवाडा-विदर्भातून येऊन भाड्याने राहणाऱ्यांना तोही आधार नाही. त्यात शिक्षण हक्क कायद्याची मोफत जागा आठवीपर्यंतच. फी नेमकी नववीत सुरू होते, म्हणजे बापाचा ब्रेक मुलाला कळू लागतो त्याच वयात.

तिसरा प्रकार मला सर्वांत जाचक वाटतो: कायम म्हणून मिळालेली नोकरी हळूहळू मरते तो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचं जाहीर झालं, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं, २०२२ मध्ये तो सौदाही बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये कारखान्याचा ताबा तिच्याकडे गेला. हीच तारीखवार यादी एखाद्या मुलाच्या शाळेशेजारी ठेवून पाहा. उत्पादन थांबलं तेव्हा नववीत असलेला मुलगा ताबा बदलला तेव्हा बारावीच्या परीक्षेला टेकलेला होता. त्याची अख्खी किशोरावस्था ‘काहीतरी होईल’ या वाक्याखाली गेली. ले-ऑफवर बसलेल्या बापाने नोकरी गेली म्हणून दुसरी शोधावी, तर पहिली पुरती गेलेलीही नाही.

हा ताण मुलापर्यंत पोचतो कसा? अमेरिकेत आयोवा राज्यातल्या शेतीसंकटानंतर रँड काँगर यांनी तिथल्या कुटुंबांच्या अभ्यासातून एक साखळी मांडली: पैशाची ओढाताण, त्यातून आईवडिलांची खिन्नता, आपसातली भांडणं, मग मुलांशी तुटक किंवा कठोर वागणं. मुलाचं मन बिघडतं ते बहुतांशी या शेवटच्या कडीवर. आपल्याकडे या साखळीत आणखी एक कडी धरावी लागेल, मौनाची. ‘तू अभ्यासाकडे बघ’ असं सांगून घरातली खरी स्थिती झाकली जाते. दिवसा घरी बसलेला बाप मुलाला दिसतोच. त्याचा अर्थ त्याने एकट्याने लावायचा असतो, आणि एकट्याने लावलेला अर्थ सहसा वाईटच असतो.

याला छेद देणारा पुरावाही आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात महामंदीतल्या ओकलंडच्या मुलांचा मागोवा घेतला. झळ लागलेल्या घरांतली किशोरवयीन मुलंसुद्धा पुढे बऱ्यापैकी सावरली. घरासाठी काही करता येणं हे त्याचं एक कारण त्यांनी दिलं. या नजरेने पाहिलं तर लोणावळ्यात वडिलांच्या गाडीवर उभा राहणारा मुलगा गरीब असूनही हतबल नसतो. बंद कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाला मात्र करण्यासारखं काहीच नसतं, त्याने नुसती वाट पाहायची. म्हणून घरात पैसा किती यावरूनच मुलाचा धोका जोखणारा समुपदेशक फसेल. काम कधी परत येणार हे घरात ठाऊक आहे का, आणि मुलाशी ते बोललं जातं का, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

एल्डर यांच्या निष्कर्षातही मुलींची बाजू निराळी आहे: त्या घरकामात ओढल्या गेल्या. लोणावळ्यातही आई शनिवार-रविवारी बंगल्यावर साफसफाईला गेली की स्वयंपाक आणि धाकटी भावंडं मुलीकडे येतात. गाडीवरच्या भावाच्या हातात पैसे पडतात, गिऱ्हाईक त्याला शाबासकी देतं. बहिणीच्या श्रमांना घरात कुणी ‘हातभार’ म्हणत नाही. केलेलं काम मोजलंच जात नसेल, तर त्यातून येणारं बळ तिला मिळेल असं गृहीत धरता येत नाही. तिच्या वाट्याला नुसता भार येतो.