आरक्षणाची सोडत आणि संभाव्यता

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत ७८ जागा आहेत. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून महिलांना ५० टक्के आरक्षण असून, आवश्यक तेथे राखीव जागा चिठ्ठ्या काढून ठरतात.

अनुकूल निष्पत्तींच्या संख्येस एकूण समसंभाव्य निष्पत्तींच्या संख्येने भागले असता संभाव्यता मिळते. समजा, १० प्रभागांच्या चिठ्ठ्यांतून ५ काढावयाच्या आहेत. एखाद्या प्रभागाची चिठ्ठी निघण्याची संभाव्यता ५/१०, म्हणजे १/२ होय. दोन ठरावीक प्रभागांच्या चिठ्ठ्या निघण्याची संभाव्यता मात्र १/४ नव्हे; काढलेली चिठ्ठी परत टाकत नसल्याने ती ५/१० × ४/९ = २/९ येते.

चिठ्ठ्या एकसारख्या व नीट मिसळलेल्या असल्या, तरच हे गणित लागू पडते. म्हणूनच सोडत सर्वांसमक्ष काढली जाते.