आलेख काढणारे यंत्र: मुंबईच्या टिफ्रॅकपासून खिशापर्यंत

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरचा बारावी विज्ञानाचा विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या पेपरला बसतो, तेव्हा त्याच्यापुढे लॉग टेबल असते. कॅल्क्युलेटर राज्य मंडळाला चालत नाही. मात्र त्याच्याच रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मुंबईत, साठच्या दशकाच्या आरंभी पडद्यावर आलेख उमटवणारे गणकयंत्र उभे होते.

ते म्हणजे टिफ्रॅक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने ते घडवले. फेब्रुवारी १९६० मध्ये ते सुरू झाले आणि १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी त्याला नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी सांगाडा! स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या भाषेत १० किलोबाइट. उत्तर टेलिप्रिंटरवर छापून येई. जोडीला कॅथोड किरण नळीचा पडदा होता, त्यावर अक्षरे व आलेख दिसत.

पण आलेख हवा असेल, तर आधी प्रोग्रॅम लिहायचा, मग तो कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्राला भरवायचा. त्यामुळे हे यंत्र मूठभर संशोधकांचेच राहिले.

१९८५ मध्ये कॅसिओचा एफएक्स-७०००जी आला. आलेख काढणारा पहिला खिशातला कॅल्क्युलेटर. स्मृती केवळ ४२२ बाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या चोविसाव्या हिश्शाइतकी. पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा, त्यामुळे वक्ररेषा पायऱ्यांसारखी दिसे. तरीही मोजक्या कळा दाबल्या की साइनचा आलेख समोर. स्मृतीच्या आकड्यांवरून यंत्रांची तुलना करणारे नेमकी हीच गोष्ट विसरतात.

पुढची कथा अभियंत्यांपेक्षा परीक्षकांनी घडवली. अमेरिकेत १९९५ पासून एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर आवश्यक ठरला. त्याच वर्षी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-९२ आला. बीजगणिताची समीकरणे तो अक्षरांसह सोडवी. अडचण एकच: त्याला टंकयंत्रासारखा कळफलक होता, आणि त्यामुळे तो महत्त्वाच्या परीक्षांतून बाद झाला. मग १९९८ मध्ये कंपनीने जवळजवळ तेच सामर्थ्य टीआय-८९ मध्ये भरले आणि तो कळफलक काढून टाकला. वापरायला हा कळफलक अधिक गैरसोयीचा. तरी वर्गात तोच शिरला, कारण नियम त्याला अडवत नव्हता.

महाराष्ट्रात परीक्षेने उलट दिशेने काम केले. ज्या यंत्राला परीक्षेत जागा नाही, ते महागडे यंत्र मध्यमवर्गीय पालक घेणार कशाला? अभियांत्रिकीला गेलेल्यांच्या हाती साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला, तेवढेच. बारावीच्या प्रयोगशाळेत आलेख आजही पट्टी आणि टोकदार पेन्सिलने आलेख-कागदावर काढला जातो; आणि लॉग टेबलामागचे गणित नेपिअरने १६१४ साली छापलेले आहे.