पस्तिसाव्या हिस्स्याचे रणगाडे

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात: "एखादा स्रोत विश्वासार्ह आहे की नाही, हे ओळखायचं कसं?" खरं सांगू का, मी विज्ञान शाखेतला असूनही याचं उत्तर मला वाशीतल्या माझ्या खोलीत सापडलं, प्लास्टिकचे रणगाडे जोडताना. तेही एक चूक करून. ती चूक सांगतोच, पण आधी रणगाड्यांची ओळख करून देतो, नाहीतर चूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही.

माझ्या टेबलावर पाच रणगाडे आहेत. स्टुअर्ट, शेरमन, सेंचुरियन आणि पीटी-७६ हे चार भारतीय लष्कराने १९४८ ते १९७१ या काळात लढाईत वापरले. पाचवा पॅटन, तो समोरच्या बाजूचा. पाचही १:३५ या मापात, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिस्स्याएवढे.

ज्यांनी असं किट कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी येतात. प्रत्येक चौकटीला शंभरेक भाग लटकलेले असतात. ते कटरने कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि जोडायचे. जोडायला वापरतात तो डिंक नसतो, तो सॉल्व्हंट असतो. पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग तो विरघळवतो, दोन भाग एकमेकांत मिसळतात आणि सॉल्व्हंट उडून गेला की सांधा पक्का होतो. रंगकाम मात्र पावसाळ्यात करू नये. वाशीत जुलैच्या दमट हवेत लॅकरवर पांढरट धुकं धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता पहिला प्रश्न. पस्तीसच का?

मला वाटायचं, यामागे काहीतरी गणित असणार. इतर मापांत ते आहे. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला 'स्कायबर्ड्स' नावाची छोट्या विमानांची मालिका आली, तिचं माप सहा फुटांना एक इंच. म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. हेच १:७२. एका फुटाला पाव इंच घेतलं की १:४८ मिळतं. पस्तीस मात्र ना फुटाइंचात नीट बसत, ना मीटरमध्ये.

उत्तर जपानमधल्या शिझुओका शहरात आहे. तिथली तामिया ही कंपनी मूळची लाकडाच्या धंद्यातली. पुढे ती लाकडी मॉडेल करू लागली, मग १९६० मध्ये प्लास्टिकची यामातो युद्धनौका केली आणि १९६१ मध्ये जर्मन पँथर रणगाड्याचं किट काढलं. हा पँथर छोट्या मोटरवर चालायचा. शुन्साकू तामिया यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलंय की पँथरचा आकार ठरला तो आत दोन बॅटऱ्या मावाव्यात म्हणून. किट चाललं, तेव्हा त्याच मापात दुसरे रणगाडे काढायचं ठरलं. मग त्यांनी आपलाच पँथर मोजला, तर तो मूळच्या साधारण एक-पस्तिसांश निघाला. झालं! पुढे जगभरातल्या कंपन्यांनी रणगाड्यांसाठी तेच माप उचललं.

हसू नका, तुमच्या विषयातही असा एखादा 'पस्तीस' असतोच. संख्याशास्त्रातली ०.०५ ची सीमा घ्या. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकातून ती रूढ झाली, आणि त्यांनी ती सोयीची म्हणून सुचवली होती. सोयीने ठरलेलं माप चुकीचं असतंच असं नाही. सगळ्यांनी एकच माप वापरलं की तुलना करता येते, हा फायदा मोठाच आहे. फक्त ते कुठून आलं हे आपल्याला ठाऊक हवं. व्हायव्हात कोणी विचारलं, तर "सगळे तेच वापरतात" एवढंच उत्तर आपल्याकडे असू नये.

एकाच मापातले पाच रणगाडे शेजारी ठेवले की देशाचा इतिहास ओळीत उभा राहतो. पहिला स्टुअर्ट, दुसऱ्या महायुद्धातला हलका अमेरिकन रणगाडा, ब्रिटिशांकडून वारशाने आलेला. १ नोव्हेंबर १९४८ रोजी ७ लाइट कॅव्हलरीने हे रणगाडे झोजी ला खिंडीत चढवले, ११,५०० फुटांहून जास्त उंचीवर. बातमी फुटू नये आणि वाटेतले कमकुवत पूल टिकावेत, म्हणून टरेट म्हणजे वरचा फिरता भाग वेगळा करून ते तिथवर नेले होते. माझ्या किटमध्ये टरेट नुसतं उचललं की निघतं. ते हातात घेतल्यावर तिथल्या थंडीत क्रेन आणि साखळ्या लावून तेच काम करणारे जवान डोळ्यांसमोर येतात.

दुसरा शेरमन, तोही महायुद्धातलाच. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तर इथे डेक्कन हॉर्सकडे शेरमन होते, ३ कॅव्हलरीकडे ब्रिटनकडून घेतलेले सेंचुरियन आणि ८ कॅव्हलरीकडे फ्रान्सचे एएमएक्स-१३. समोर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन. एका लढाईत एकाच बाजूला तीन देशांचे रणगाडे, म्हणजे तीन प्रकारचे सुटे भाग आणि तीन प्रकारचा दारूगोळा. पीटी-७६ सोव्हिएत बनावटीचा. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी गरीबपूरला ४५ कॅव्हलरीने तो वापरला. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत आपण शस्त्रांसाठी कोणाकोणाच्या दारात गेलो, हे एवढ्या छोट्या टेबलावर दिसतं.

पण थांबा. या ओळीत एक रणगाडा नाही. चेन्नईजवळच्या अवाडीच्या कारखान्यात तयार झालेला विजयंता. ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या आराखड्यावरचा, पण आपल्याच देशात बांधलेला. १९७१ पर्यंत तो लष्करात दाखलही झाला होता. मग माझ्या मालिकेत तो का नाही? कारण मला त्याचं किट दुकानात मिळालं नाही. एएमएक्स-१३ ही नाही, कारण तेव्हा खिशात पैसे नव्हते.

म्हणजे 'भारतीय लष्कराचे रणगाडे' असं मी सगळ्यांना सांगत होतो, पण खरं नाव असायला हवं होतं 'मला मिळालेले आणि परवडलेले रणगाडे'. बाजाराचा हा कल किती मोठा असतो पाहा. जर्मनीने टायगर-१ बनवले सुमारे १,३५० आणि अमेरिकेने शेरमन बनवले ४९ हजारांच्या आसपास. तरी मॉडेलच्या दुकानात टायगर इतके दिसतात, की युद्धात तेच सगळीकडे होते असं एखाद्याला वाटावं. तुम्ही सर्वेक्षणासाठी माणसं निवडाल, नमुने गोळा कराल, जुनी कागदपत्रं वाचाल, तेव्हा स्वतःला विचारा: माझ्यापर्यंत काय पोचलं, आणि जे पोचलं नाही ते कशामुळे?

आता मॉडेल स्वतः काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही ते पाहू. सेंचुरियन सुमारे ३.३९ मीटर रुंद, पीटी-७६ सुमारे ३.१४ मीटर. पस्तिसाने भागलं की ९७ आणि ९० मिलिमीटर. टेबलावर दोघे जवळजवळ भाऊ वाटतात. पण सेंचुरियनचं वजन ५१ टनांच्या आसपास आणि पीटी-७६ चं साडेचौदा टनांच्या. इतका हलका रणगाडा एवढा ऐसपैस का? कारण त्याला पाण्यावर तरंगायचं आहे. साडेचौदा टन तरंगायचे तर साडेचौदा घनमीटर पाणी बाजूला सारायला हवं, म्हणून पातळ पत्र्याचा मोठा डबा. आपल्या जवानांनी त्याला 'पिप्पा' म्हटलं, म्हणजे तुपाचा रिकामा डबा. आर्किमिडीजचं तत्त्व इतक्या कमी शब्दांत मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

हे आकारावरून कळलं. वजनाचं काय? लांबी ३५ पट कमी झाली की घनफळ ३५ × ३५ × ३५ म्हणजे ४२,८७५ पट कमी होतं. त्या हिशोबाने माझा सेंचुरियन सव्वा किलोच्या जवळपास भरायला हवा. प्रत्यक्षात प्लास्टिकचं मॉडेल त्याहून कितीतरी हलकं आहे. आणि समजा ते शिशाने भरून बरोबर सव्वा किलोचं केलं, तरी पट्ट्यांचं जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ फक्त १,२२५ पटच कमी झालंय. म्हणून जमिनीवरचा दाब मूळच्या पस्तिसाव्या हिस्स्याएवढा राहतो. असल उत्तरला कालव्याचं पाणी सोडून भिजवलेल्या शेतांत, उसाच्या फडांत पॅटन रुतले. माझा पॅटन कितीही बारकाईने केला, तरी चिखलात ठेवल्यावर तो रुतणार नाही. उसाआड दिसणं किती अवघड होतं, हा प्रश्न मी मॉडेलला विचारू शकतो. चिखल कसा लागला, हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

आता माझी चूक.

अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं. उघड्यावर पन्नासेक चिलखती गाड्या आणि रणगाडे मांडलेले आहेत. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून त्याच शहरात आहे. वाशीहून पुणेमार्गे पहाटेची एसटी पकडली की दुपारी पोचता येतं. मी वही घेऊन गेलो. सेंचुरियनपुढे उभा राहून चाकं मोजली, कडेच्या पत्र्यांचे सांधे काढून घेतले आणि हिरव्या रंगाच्या छटेची तपशीलवार नोंद केली. घरी येऊन तीन रंग मिसळून अगदी तीच छटा बनवली आणि सेंचुरियन रंगवला. खाली पट्टी लावली: 'पूना हॉर्स, डिसेंबर १९७१'.

इतिहास विभागातली एक मैत्रीण घरी आली होती. तिने तो हातात घेतला आणि विचारलं, "हा रंग कोणत्या वर्षीचा?"

मी म्हटलं, "१९७१ चा. प्रत्यक्ष पाहून आलोय."

"प्रत्यक्ष कधी पाहिलास?"

मी गप्प. ऊनपावसात उभं राहिलेलं लोखंड गंजू नये म्हणून त्याला वेळोवेळी रंग द्यावाच लागतो. ते जतनाचं कामच आहे. मी नोंदवलेली छटा त्या रणगाड्याची होती, पण मी गेलो त्या दिवसाची. तोच रणगाडा आकारासाठी प्राथमिक स्रोत होता. चाकं, सांधे, मापं, यांबद्दल त्याच्याइतकं भक्कम काही नाही. रंगासाठी मात्र तो फार तर दुय्यम स्रोत. मग मी त्या काळातले फोटो शोधले. ते बहुतेक कृष्णधवल. कृष्णधवल फोटोत उजळ-गडद कळतं, पण कित्येक वेगळे रंग एकाच करड्या छटेत येऊन बसतात. फोटो खरा, दिवसही बरोबर, आणि तरी रंगाच्या प्रश्नावर जवळजवळ मुका.

म्हणून सुरुवातीचा तो प्रश्न मी आता वेगळा विचारतो. स्रोत विश्वासार्ह आहे का, असं सरसकट विचारू नका. कोणत्या प्रश्नासाठी विश्वासार्ह आहे, ते विचारा. तुमच्या सिनॉप्सिसच्या वहीत तीन रकाने आखा: स्रोत, तो कशाबद्दल सांगू शकतो, कशाबद्दल सांगू शकत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर त्या स्रोताचा विचार अजून पुरता झालेला नाही असं समजा.

आणि हे सगळं एका रंगासाठी कशाला, असं वाटत असेल तर एवढं ऐका. पूना हॉर्स ही पलटण १८१७ मध्ये पेशव्यांशी झालेल्या पुणे करारानंतर उभी राहिली. तिच्यातल्या दोघांना परमवीर चक्र मिळालं, दोघंही सेंचुरियनवर लढताना गेले. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले, १९६५ मध्ये गेले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पुण्यात जन्मलेले, १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत गेले. वय २१, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. त्यांच्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता', सायप्रसमधल्या एका बंदराचं. तो अहिल्यानगरला जतन करून ठेवलाय. त्या दिवशी त्याच्या आत चौघे होते. सवार नंद सिंगही वाचले नाहीत. सवार प्रयाग सिंग आणि सवार नाथू सिंग वाचले.

मी सेंचुरियनच्या टरेटचं झाकण चिकटवतो तेव्हा त्या चार जागा आत बंद होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. निदान बाहेरून जे दिसतं त्याखाली मी खोटी तारीख लिहू नये, एवढं तर माझ्या हातात आहे. पट्टी मी काढून टाकली आहे. रंगही उतरवला. १९७१ च्या छटेचा धड पुरावा मिळेपर्यंत सेंचुरियन करड्या प्रायमरमध्येच उभा राहील, बाकी चौघांच्या मधोमध.