अवचट, डॉ. अनिता (सुनंदा)

मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक. नाव अनिता, पण घरी आणि मित्रमंडळींत सुनंदा; केंद्रातल्या पेशंटांसाठी नुसत्या ‘मॅडम’. व्यसनी माणसासोबत त्याची बायको, आईवडील आणि मुले यांनाही उपचारांत सामावून घ्यायला हवे, हा विचार महाराष्ट्रात रोजच्या कामात उतरवणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांची गणना करावी लागते. निधन १९९७ मध्ये, कर्करोगाने.

वैद्यकीय शिक्षणानंतर त्यांनी मनोविकारशास्त्राची वाट धरली आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात नोकरी केली. पती अनिल अवचट हेही डॉक्टर. मात्र त्यांनी वैद्यकी सोडून लेखन आणि सामाजिक काम पत्करले. घर चालले ते प्रामुख्याने सुनंदाबाईंच्या पगारावर. त्या पिढीतल्या मध्यमवर्गीय घरात ही मांडणी सरळ उलटी होती, आणि अवचटांनी ती कधी लपवली नाही.

१९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे ‘गर्द’, झपाट्याने पसरली. कॉलेजातली, चांगल्या घरांतली पोरे तिच्यात सापडली. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि व्यसनमुक्तीचे केंद्र काढण्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले. पैसा देशपांड्यांचा आणि लेखणी अवचटांची असली, तरी वॉर्ड उभा करण्याचे काम सुनंदाबाईंचे होते. गजांच्या खिडक्या आणि कुलपे ज्या व्यवस्थेत नेहमीची, तिथे वर्षे काढलेल्या या डॉक्टरने नव्या जागेत मारहाण आणि डांबून ठेवणे यांना थारा दिला नाही. ‘गर्दुल्ला’ म्हणून हिणवला गेलेला मुलगा इथे टर्कीने, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासाने, तळमळत असताना त्याच्याजवळ बसायला, त्याच दिव्यातून गेलेला एखादा जुना पेशंट असे. बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते म्हणून कामावर घेण्याची ही पद्धत पुढे मुक्तांगणची ओळख ठरली. निवासी उपचार ३५ दिवसांचे, आणि त्यांत औषधांइतकेच महत्त्व गटचर्चा, योगासने, समुपदेशन आणि दिनक्रमाच्या शिस्तीला.

पेशंट ३५ दिवसांनी घरी जातो. घर मात्र तेच असते. सुनंदाबाईंच्या कामातला खरा विचार इथे सुरू होतो. दारुड्याची बायको वर्षानुवर्षे काय करत आलेली असते? पगाराच्या दिवशी फाटकाशी उभी राहते, खिसे चाचपते, कपाटामागची बाटली शोधून मोरीत ओतते, साहेबाला फोन करून ‘ताप आलाय त्यांना’ असे सांगते, वाण्याची उधारी भागवते. यांतली निम्मी धडपड नवऱ्याला सांभाळण्यासाठी असते आणि तिच्यामुळेच त्याचे पिणे बिनबोभाट चालू राहते. याचा दोष तिच्या माथी मारणे सोपे, आणि सासरची मंडळी ते करतातच. मुक्तांगणने तिच्याकडे आजाराच्या झळा सोसलेली दुसरी पेशंट म्हणून पाहिले. ‘सहचरी’ हा पत्नींचा गट त्यातूनच उभा राहिला. त्यात नवऱ्याच्या तब्येतीइतकेच बायकोच्या रागाला, भीतीला आणि मोडलेल्या झोपेला स्थान आहे. नवरा सुधारला तरी संशय सुटत नाही, तो पाच मिनिटे उशिरा आला तरी तोंडाचा वास घेतला जातो, हेही तिथे उघड बोलता येते.

जगात या विचाराला पूर्वपीठिका होती. अमेरिकेत मद्यपींच्या नातलगांसाठी अल-अ‍ॅनॉन हे संघटन १९५१ मध्ये उभे राहिले. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात मनोरुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. अथेन्समध्ये जॉर्ज आणि वासो वासिलिऊ या जोडप्याने १९६३ मध्ये संस्था काढून ग्रीक कुटुंबांवर काम केले. आप्तांच्या वर्तुळात माणूस जसा वागतो तसा बाहेर वागत नाही, हे त्यांच्या मांडणीचे एक सूत्र. आपल्याकडे ते पटायला पुस्तक लागत नाही. बुऱ्हाणपूर, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागांच्या गावांत घर आणि काम अनेकदा एकाच छपराखाली असते. तिथे एकट्या पेशंटला खोलीत बोलावून उपचार करायचे म्हटले, तर भाऊ, वहिनी आणि कारखान्याची देणी दाराबाहेर ताटकळत उरणार.

वासिलिऊ दांपत्याने शोधनिबंध लिहिले. सुनंदाबाईंनी सिद्धान्त म्हणून फारसे काही मांडून ठेवले नाही, ही त्यांच्या कार्याची मोठी उणीव. त्यांचे विचार समजून घ्यायचे तर मुक्तांगणचा दिनक्रम पाहावा लागतो, नाहीतर अनिल अवचटांची ‘गर्द’ आणि ‘मुक्तांगणची गोष्ट’ ही पुस्तके. परिणाम असा की मराठी वाचकाला मुक्तांगण पतीच्या लेखणीतून कळले आणि ते चालवणारी डॉक्टर त्या गोष्टीतले एक पात्र होऊन राहिली. हा अन्याय कुणी मुद्दाम केलेला नाही, पण आहे.

कर्करोगाचे निदान झाल्यावरही त्यांनी केंद्राचे काम सोडले नाही. त्यांच्यानंतर कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची सूत्रे हाती घेतली. त्या स्वतः मानसशास्त्राच्या अभ्यासक. व्यसनाधीन स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग त्यांच्याच काळात सुरू झाला. अनिल अवचट यांचे निधन जानेवारी २०२२ मध्ये झाले. मुक्तांगण आज येरवडा भागातच, स्वतःच्या इमारतीत चालते.