कॅथरीनची पत्रे

जपून ठेवलेल्या कागदाचे मोल आम्हां दप्तरी माणसांस निराळे सांगावयास नको. चार्ल्स डिकन्सचा कॅथरीनशी विवाह १८३६ साली झाला. दहा अपत्ये झाली. बावीस वर्षांनी, १८५८ च्या जूनमध्ये, त्याने आपल्याच साप्ताहिकात निवेदन छापून गृहकलह जगजाहीर केला. कोणाच्या मनात राग नाही, असे त्यात लिहिले होते. निवेदन मोठे सफाईदार. कॅथरीनचा मात्र त्यात एक शब्द नाही. थोरला मुलगा तेवढा तिच्याजवळ राहिला. सख्खी बहीण जॉर्जिनादेखील डिकन्सच्याच घरी राहिली, हे आम्हांस अधिक जिव्हारी लागते.

डिकन्स १८७० साली वारला. १८७९ मध्ये अखेरच्या आजारात कॅथरीनने त्याची जुनी पत्रे मुलगी केटच्या हाती दिली. ती ब्रिटिश म्यूझियममध्ये ठेवावीत, म्हणजे एके काळी त्याचे आपल्यावर प्रेम होते हे जगास कळेल, एवढीच तिची इच्छा होती.