लुईव्हिलचं गटार आणि सोयाबीनचं तेल

आजचा एपिसोड गटाराबद्दल आहे. जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या, एपिसोड कुठे पळून जात नाही.

१३ फेब्रुवारी १९८१, शुक्रवार. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठावर लुईव्हिल नावाचं शहर आहे. पहाटे सव्वापाचच्या सुमारास दोन बायका गाडीने हॉस्पिटलच्या ड्युटीवर निघाल्या होत्या. हिल स्ट्रीटवर रेल्वेच्या पुलाखालून गाडी जात असतानाच खालून स्फोट झाला आणि गाडी उलटली. तेवढ्यावर थांबलं नाही. जमिनीखालच्या गटारातून आग पुढे पुढे धावत गेली. हेलिकॉप्टरमधून गस्त घालणाऱ्या पोलिसांना वरून दिसलं ते असं, की जणू कुणी विमानातून रस्त्यावर ओळीने बॉम्ब टाकत चाललंय. दोन मैलांहून जास्त रस्ता खचला. मॅनहोलची झाकणं उडाली. पहाटेची वेळ होती म्हणून मेलं कुणी नाही, चार जण जखमी झाले. हाच प्रकार सकाळी नऊला झाला असता तर? विचारही करवत नाही.

पेटलं काय होतं? हेक्झेन. नाव परकं वाटतं, पण लातूरच्या किंवा विदर्भातल्या श्रोत्यांच्या ते ओळखीचं असेल. सोयाबीनमधलं तेल काढायला सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेच वापरतात. हेक्झेनमध्ये तेल उतरतं, मग गरम करून हेक्झेन उडवायचं, थंड करून परत वापरायचं. तेल वेगळं, पेंड वेगळी. लुईव्हिलमध्ये राल्स्टन प्युरिना कंपनीचा असाच कारखाना होता. तिथून हजारो गॅलन हेक्झेन ड्रेनेजमध्ये गेलं. ते पाण्यात फारसं मिसळत नाही, वर तरंगतं. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड, म्हणजे गटारातच दबा धरून बसते. मग एक ठिणगी पुरते.

आता मला जी गोष्ट खरी बोचते ती सांगतो. या शहराला चार वर्षांपूर्वीच धडा मिळाला होता.

मार्च १९७७. शहराच्या मॉरिस फोरमन सांडपाणी केंद्रात विचित्र वास यायला लागला. जाळ्यांवर चिकट काहीतरी साचलं होतं. कामगारांनी ते वाफेने साफ करायला घेतलं, तर निळसर धूर उठला. डोळे चुरचुरायला लागले, डोकी दुखायला लागली, छाती भरून आली. कीटकनाशकांच्या धंद्यातली विषारी क्लोरीनयुक्त रसायनं कुणीतरी गुपचूप मॅनहोलमध्ये ओतली होती. केंद्र जवळपास तीन महिने बंद राहिलं आणि रोजचं सुमारे दहा कोटी गॅलन मैलापाणी तसंच्या तसं ओहायो नदीत गेलं. मैल्यावर काम करतात ते जिवाणू, त्यांना रसायनांचं काय कळणार? मग माणसं एकेक मॅनहोल तपासत उलट्या दिशेने माग काढत गेली. घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायचा धंदा करणाऱ्या एकाला पुढे शिक्षा झाली.

(आपल्याकडे २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतलं गेलं आणि काठावरच्या शेकडो लोकांना हॉस्पिटल गाठावं लागलं, ते आठवतंय? ओतण्याची पद्धत तीच.)

१९७८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने पूर्वप्रक्रियेचे नियम काढले. कारखान्याने आपलं पाणी आपल्या आवारातच सुधारायचं, मगच शहराच्या गटारात सोडायचं. मोठी सांडपाणी केंद्रं चालवणाऱ्या संस्थांनी कारखान्यांवर लक्ष ठेवायचं. आणि गटारात आग किंवा स्फोट होईल असं काही सोडायला साफ बंदी. म्हणजे १९८१ साली हेक्झेनविरुद्ध नियम नव्हता असं नाही. नियम होताच!

मग चुकलं कुठे? पूर्वप्रक्रियेचा नियम विचारतो, तू रोज बाहेर काय सोडतोस. नमुना घ्या, मोजा, परवान्यातल्या आकड्याशी ताडून बघा. पण अपघात नमुना घ्यायच्या दिवसाची वाट बघत नाही. टाकी फुटते, झडप अडकते, रात्रपाळीला कुणी चुकतं. यासाठी वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: तू आत काय साठवतोस?

लुईव्हिलने तो पुढे विचारला. तिथली ड्रेनेजची संस्था म्हणजे मेट्रोपॉलिटन सूअर डिस्ट्रिक्ट. (सूअर म्हणजे इथे गटार, हसू नका.) शहर आणि काउंटीने घातक पदार्थांसाठी स्थानिक कायदा केला. ठरावीक प्रमाणाहून जास्त घातक माल ठेवणाऱ्याने, मग कारखाना असो की दुकान, आधी या संस्थेला आराखडा द्यायचा: माल कोणता, किती, सांडला तर अडवणार कसा. आणि सांडलाच तर लगेच कळवायचं. उद्योगांना हा जाच वाटला असणार. पण रस्ता फाटलेला बघितलेल्या गावात विरोध करणार कोण?

कंपनीला फेडरल खटल्यात दंड झाला ६२,५०० डॉलर. दुरुस्ती आणि भरपाईचे मात्र कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दंडाची भीती किती होती ते कळतं. आणि हिल स्ट्रीटच्या आसपासची माणसं? गटारच उरलं नव्हतं, त्यामुळे कित्येक घरांतले संडास आठवडेच्या आठवडे बंद. त्यांच्यापैकी कुणीही सोयाबीनचं तेल काढत नव्हतं.