जीवांची ओळख : नामकरणाचा इतिहास

कापडाच्या व्यवसायात एकच कापड एका गावी एका नावाने, तर दुसऱ्या गावी निराळ्याच नावाने मागितले जाते. ठाणावरील छाप पाहिल्याखेरीज सौदा पक्का होत नाही. सजीवांच्या बाबतीतही विद्वानांपुढे शतकानुशतके हीच अडचण उभी होती.

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांची मांडणी इंद्रियांवरून केली आहे. कृमी द्वीन्द्रिय, मुंगी त्रीन्द्रिय, भ्रमर चतुरिन्द्रिय आणि मनुष्य पंचेन्द्रिय. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्राण्यांचे रक्तयुक्त व रक्तहीन असे दोन गट पाडले. तेथे ओढ शरीररचना जाणण्याची होती. आपल्याकडे जीव ओळखण्याचा हेतू त्याची विराधना टाळण्याचा होता.

पुढे युरोपात एकेका वनस्पतीचे नाव म्हणजे लॅटिनमधील लांबलचक वर्णनच होऊन बसले. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना व 1758 मध्ये प्राण्यांना पद्धतशीरपणे दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’ झाला, आंबा ‘मँगिफेरा इंडिका’ झाला.

या कार्यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. मलबारचे डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांचा ‘होर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युदन वैद्य, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोकणी पंडितांनी माहिती पुरविली. त्या तिघांचे कोकणी प्रमाणपत्र देवनागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनियसने हा ग्रंथ आधारासाठी वापरला.

वर्गीकरणातील चुका सुधारण्याची तयारी हे या शास्त्राचे भूषण होय. लिनियसने प्रथम देवमाशाला माशांत बसविले होते. 1758 च्या आवृत्तीत त्याला सस्तन प्राण्यांत नेले.

मात्र एक प्रश्न आपल्या मनाला बोचल्यावाचून राहत नाही. नव्या जातीचे नाव मान्य होण्यासाठी एक प्रमाण नमुना जपून ठेवावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा त्या जीवाचा प्राण घेतला जात असे. ओळखीसाठी जीव घ्यावा काय?

याचे एक उत्तर 2006 मध्ये मिळाले. खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट येथे एक नवा पक्षी आढळला. त्याची संख्या अत्यल्प असल्याने त्यांनी त्याला मारण्याचे टाळले. जाळ्यात सापडलेला पक्षी त्यांनी सोडून दिला आणि पिसे, छायाचित्रे व आवाजाचे ध्वनिमुद्रण यांच्या आधारे जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्थानिक बुगुन जमातीवरून नाव ठेवले ‘लिओसिचला बुगुनोरम’.

नावही मिळाले, प्राणही वाचला. जीवाची खरी ओळख त्याच्या रक्षणापर्यंत पोहोचली, तरच ते ज्ञान सम्यक् ठरते, असे मला नम्रपणे वाटते.